चाड्यातली कॉफी: धाड, अमडापूर आणि लोणारची चक्कर

काचेचं तिसरं भांडं फुटलं त्या सकाळी अण्णांनी तुकडे गोळा केले, ओटा पुसला आणि "उद्यापासून कॉफी तू करत जा," एवढंच म्हणून पेपर उघडला. मी बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी केलेली कॉफी त्यांनी मुकाट्याने पिऊन टाकली. नावसुद्धा ठेवलं नाही, आणि मला तेच झोंबलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. आमच्याकडे सकाळची कॉफी तेच करतात, मी शाळेत होते तेव्हापासून. सगळ्यांच्या आधी उठायचं, कॉफी गाळायची आणि स्वयंपाकघरातूनच हाक मारायची, "ऊठ गं, निवतेय." आई गेल्यावर ते पुण्याला माझ्या आणि माझ्या नवऱ्याच्या, नितीनच्या, घरी राहायला आले, त्यांच्याबरोबर ती हाकही आली. नितीन तर त्या हाकेनेच उठतो, मोबाइलच्या गजराला तो दाद देत नाही. आता अण्णांच्या उजव्या हाताला कंपवाताने धरलंय. गोळ्यांनी थरथर कमी झाली, पण गेली नाही. भांडी फुटतच होती, त्याचं मला एवढं काही वाटत नव्हतं. पण हाक बंद झाली, आणि अण्णा सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन परत फिरायला लागले, ते मला बघवेना.

म्हणून मी अशा भांड्याच्या मागे लागले जे पडलं तरी फुटणार नाही आणि अण्णांच्या हाताला जमेल. तुमच्यापैकी बरेच जण घरी कॉफी करता आणि टिकाऊ भांडं कुठलं घ्यावं म्हणून मला विचारता, तेव्हा माझी कर्मकहाणी ऐकून ठेवा. फ्रेंच प्रेस, म्हणजे दांडीची गाळणी खाली दाबायची तो, काचेचा, त्याचं काय होतं ते वर आलंच आहे. प्लॅस्टिकचा गाळणीचा कोन पिवळा पडून तडकला. मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवायची कॉफीची किटली, दणकट, पण त्याचे दोन भाग पिळून घट्ट बसवायला मनगटात जोर लागतो, आणि सैल राहिला की तो सगळ्या ओट्यावर फुरफुरतो. विजेचं यंत्र वॉरंटी संपल्यावर लगेच गेलं. तेव्हा अण्णा मनातून खूश झाले असावेत, कारण त्यांचं म्हणणं होतं, "बटण मी दाबलं म्हणून कॉफी मी केली असं होतं का?"

अशात मोठीआईचा फोन आला. मोठीआई म्हणजे अण्णांची वहिनी, अमडापूरला राहते. अण्णा दर काही महिन्यांनी तिला कॉफीची पावडर पाठवतात, ती संपत आली होती. "पोस्टानं कायले पाठवता? घेऊनच या," ती म्हणाली. अण्णांना गावाकडे जायचंच होतं. मी मनात म्हटलं, वाटेत चिखलीला भांड्यांची जुनी दुकानं आहेत, तिथे जाड पितळेचा फिल्टर नक्की मिळेल. नितीनला सुटी नव्हती, त्यामुळे गाडीत आम्ही दोघंच.

पुण्याहून पहाटे निघालो. अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, सिल्लोड, भोकरदन आणि धाड, असा रस्ता. सिल्लोडपर्यंत काही तक्रार नाही. भोकरदनच्या पुढे मात्र रस्ता कधी लोण्यासारखा तर कधी खणून ठेवलेला, तेव्हा अंधार पडायच्या आत पोचायचं ठरवूनच निघा. हिवाळा सरत आला होता. दोन्ही बाजूंना तुरीच्या काढणीची गडबड, मध्येच जवसाचा निळा पट्टा. पुण्यात राहून मी विसरले होते की पीक एवढं निळं असू शकतं. गाडी थांबवून मी बराच वेळ नुसती बघत उभी राहिले. अण्णा आतून म्हणाले, "बघ बघ, फुकट आहे."

धाडला आठवडी बाजार होता. एसटी, जीप, बैलगाडी आणि आमची गाडी, सगळ्यांना एकाच वेळी एकाच जागेतून जायचं होतं. तासभर अडकलो आणि मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. ओल्या तुरीच्या दाण्यांना इकडे सोले म्हणतात, ते पाटीपाटीने विकायला होते. एका बाईकडून दोन शेर घेतले. कढईतून काढलेली भजी वर्तमानपत्रावर आली, सोबत तळलेल्या मिरच्या. पैसे किरकोळ, तिखट मात्र पुष्कळ. अण्णा भजीवाल्याला म्हणाले, "अजून एक मिरची दे ना बे," आणि मी चपापून त्यांच्याकडे पाहिलं. संभाजीनगरपर्यंत शुद्ध पुणेरी बोलणारा हा माणूस धाड आलं तसा वऱ्हाडी झाला होता. पुढचे दिवस असंच चाललं, कधी पुणेरी, कधी वऱ्हाडी.

बुलढाण्यात मुक्काम. बसस्थानकाजवळ हजार-बाराशेत स्वच्छ खोली मिळते, गरम पाणी सकाळीच मागून घ्यावं लागतं. ऊन उतरल्यावर मलकापूरच्या रस्त्याने राजूर घाटाच्या माथ्यावर गेलो. तिथे जमीन एकदम पायाखालून संपते आणि खाली पूर्णेचं खोरं पसरलेलं दिसतं, नजर पोचेल तिथवर सपाट. शेतांचे तुकडे, धुराच्या रेघा आणि एवढ्या मोठ्या सपाटीवर एकच हलणारी वस्तू, एक लाल एसटी. अण्णा कठड्याला डावा हात टेकून उभे होते, उजवा सदऱ्याच्या खिशात होता. हल्ली तो बहुतेक खिशातच असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिखली. भांड्यांच्या गल्लीत एक दुकान मला दिसताक्षणी आवडलं. छतापासून जमिनीपर्यंत पितळ, तांबं, स्टील, आणि मधे गादीवर बसलेले मालक. मी म्हटलं, कॉफीचा फिल्टर हवाय, जन्मभर टिकेल असा.

"कोणाच्या जन्मभर?" मालकांनी विचारलं. "तुमच्या का पोराबाळांच्या? किमतीत फरक हाय."

त्यांनी तीन फिल्टर काढून ठेवले. कॉफीचा देशी फिल्टर ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. एकावर एक बसणारे दोन डबे असतात. वरच्याच्या तळाला बारीक भोकं. त्यात पावडर घालून उकळतं पाणी ओतायचं, अर्क थेंब थेंब खाली उतरतो. पितळेचा होता तो हातात घेतला आणि हात खाली गेला, इतका वजनदार. मालकांनी तो घेऊन सरळ फरशीवर आपटला. घंटेसारखा आवाज झाला आणि समोरच्या दुकानातल्या माणसाने मान वर केली. फिल्टरला पोचासुद्धा नाही.

"आता तुमी पाडा," ते मला म्हणाले. मी पाडला, मजा आली. सापडलं एकदाचं, असं मला वाटलं. स्टीलपेक्षा पितळ घ्यावं का, आतून कल्हई किती दिवस टिकते, ती उडाली तर इकडे करून मिळते का, असले प्रश्न मी विचारत सुटले आणि मालक सगळ्याची धड उत्तरं देत होते. तेवढ्यात अण्णांनी फिल्टर उचलला आणि दोन्ही डबे वेगळे करायला गेले.

ते निघेनात. नवे होते, घट्ट बसले होते. अण्णांनी डाव्या हाताने खालचा धरला आणि उजव्याने वरचा ओढू लागले. उजवा हात थरथरला, झाकण टणटणत राहिलं. मालकांनी पटकन दुसरीकडे पाहिलं. भल्या माणसाचं लक्षण. अण्णांनी अजून एकदा ओढून पाहिलं आणि मग फिल्टर जिथून उचलला होता तिथे नीट ठेवून दिला.

"चांगलाय," ते म्हणाले. "पण गरम असताना तर हा अजूनच आवळणार."

बाहेर आल्यावर मी चिडले होते. कोणावर ते मलाच माहीत नव्हतं. हजार वर्षं टिकेल असं भांडं समोर होतं आणि आमच्या उपयोगाचं नव्हतं. चिखलीपासून अमडापूरपर्यंतच्या रस्त्यावर अण्णा रेडिओवरच्या भजनाबरोबर गुणगुणत होते. ते जास्त गुणगुणतात तेव्हा त्यांचं मन ठिकाणावर नसतं.

अमडापूरची टेकडी आणि तिच्यावरचं देवीचं देऊळ लांबूनच दिसायला लागतं. घर गावाच्या कडेला, गजूदादाने चार वर्षांपूर्वी बांधलेलं स्लॅबचं. गजूदादा म्हणजे मोठीआईचा मुलगा, शेती करतो. मोठीआई ओसरीवर सोले निवडत बसली होती. तिने आधी माझ्या गालावरून हात फिरवला, मग अण्णांकडे पाहिलं, मग त्यांच्या खिशातल्या हाताकडे.

"भाऊजी, काऊन वाळले इतके?"

"तुमच्या हातचं मिळत नाही वहिनी, म्हणून."

"मंग या ना इकडं. कोणं अडवून राह्यलं तुमाले?"

जेवायला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकर, सोले-वांग्याची भाजी, ठेचा आणि ताक. या भाजीविषयी मी वेगळं काही लिहिणार नाही, कारण मग तुम्ही बाकीचं वाचणार नाही. जेवणानंतर मी पावडरीचा डबा काढून दिला आणि सहज विचारलं की तू कॉफी कशात करतेस. मला वाटलं, पातेल्यात उकळून गाळत असेल.

मोठीआईने माळ्याकडे बोट केलं. मी स्टुलावर चढून पाहिलं आणि हसू आवरेना. माळ्यावर कॉफीच्या भांड्यांची स्मशानभूमी होती. अण्णांनी वर्षानुवर्षं एकेक करून पाठवलेली सगळी भांडी तिथे होती. दांडी उरलेला फ्रेंच प्रेस, काच नाही. स्टीलचा फिल्टर, पण त्यातली भोकांची चकती कोणीतरी खेळायला नेलेली. विजेचं एक यंत्र, गावातल्या कमीजास्त दाबाने जळलेलं.

"तुमी एवढ्या प्रेमानं पाठवता," मोठीआई अण्णांना म्हणाली, "मोडलं असं कोणत्या तोंडानं सांगू? अन् पावडर तर येऊनच राह्यली. ते वाया कशी घालू?"

"मग करता कशात?" अण्णांनी विचारलं.

तिने देवघराशेजारच्या कोनाड्यातून एक वस्तू आणली आणि ओट्यावर ठेवली. लाकडी, काळीभोर, रुंद तोंडाच्या वाडग्यासारखी, खाली जाड बुंधा. तिला बुडाशी तीन भोकं होती. अण्णा ताडकन उठले.

"हे आपलं चाडं?"

"हाव. दुसरं कोणाचं असीन?"

शहरातल्या वाचकांसाठी थांबून सांगते. तिफण म्हणजे बैलांनी ओढायचं तीन फणांचं पेरणीचं अवजार. तिच्यावर मधोमध हे चाडं बसतं. पेरणारा मागून चालत चालत मुठीतलं बी चाड्यात सोडत राहतो, यालाच मूठ धरणं म्हणतात. तीन भोकांतून ते तीन नळ्यांत जातं आणि तीन ओळींत जमिनीत पडतं. आता ट्रॅक्टरचं यंत्र पेरतं, तिफण कधीच मोडीत निघाली. चाडं मात्र मोठीआईने ठेवलं होतं. शिसवाचं, अण्णांच्या आजोबांच्या वेळचं.

मी पुढे काय होतंय ते बघत होते. तिने लोखंडी तिवई मांडली, तीत चाडं बसवलं, ते जरासुद्धा हललं नाही. आत धुतलेल्या धोतराचा तुकडा पसरला. त्यावर पावडर. खाली तीन भोकांखाली तीन पेले. मग पातेल्यातल्या गरम पाण्यातून पळी भरली आणि गोल फिरवत हळूहळू ओतली. एक पळी, थोडं थांबून दुसरी. पावडर फुगून वर आली, घरभर वास सुटला, आणि खालून तीन काळ्या धारा एकाच वेळी तीन पेल्यांत पडायला लागल्या. तिन्ही सारख्या. मी आजवर पुष्कळ कॅफे पालथे घातलेत, चकचकीत यंत्रांसमोर उभी राहिलेय, पण असं काही पाहिलं नव्हतं. मला खरंच हात जोडावेसे वाटले.

"पयल्यांदा एकच पेला ठेवला होता," मोठीआई म्हणाली. "दोन धारा गेल्या ओट्यावरून खाली. तवा ध्यानात आलं, हे तिफणीचं हाय, तिघांचं करते."

मला एक शंका होती, तुम्हालाही आली असेल. बियाण्याला औषध चोळतात, ते लाकडात मुरलं नसेल का? मोठीआईने मला वेड्यात काढलं. औषध लावलेलं बी घरात आलं ते ट्रॅक्टरच्या यंत्राबरोबर, या चाड्याने फक्त घरची ज्वारी आणि तूर पाहिली. शिवाय तिने ते उकळत्या पाण्यातून काढून, वाळवून, जवसाचं तेल पाजलं होतं. कॉफीला लाकडाचा किंचित वास येतो, हे मात्र खरं. मला तो आवडला. गजूदादाला आवडत नाही, तो चहा पितो.

"अण्णा, तुम्ही करून बघा ना," मी म्हटलं. घाई केली. अण्णांनी पेला खाली ठेवला. "नको. वहिनींच्या हातची पिऊ दे," म्हणाले आणि हात खिशात गेला. मोठीआईने मला डोळ्यांनीच गप्प केलं.

तिसरा दिवस लोणारचा. गजूदादा गाडी चालवायला आला. अमडापूर, चिखली, मेहकर, लोणार, आरामात अडीच तास. मेहकरला नाश्ता करून घ्या, पुढे फारसं काही नाही. पाणी आणि टोपी न्याच. खाली तळ्यापर्यंत उतरायचं असेल तर सकाळी लवकर पोचा आणि बूट घाला. वाट खडकाळ आहे, बाभळीचे काटे आहेत, आणि उतरलेलं परत चढावं लागतं. आम्ही अण्णांमुळे वरच राहिलो आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही.

कारण काठावरून जे दिसतं त्यासाठी मी कोणतीही तयारी केली नव्हती. फोटो पाहिले होते, शाळेत धडा होता, उल्का पडून झालेलं खाऱ्या पाण्याचं तळं वगैरे. पण प्रत्यक्षात सपाट शेतांमधून तुम्ही चालत येता आणि पुढे जमीनच नसते. प्रचंड गोल खड्डा, त्याच्या उतारावर सगळीकडे रान, आणि तळाशी हिरवट, शांत पाणी. आवाज नाही. रानातून कुठूनतरी मोर ओरडला तर तो आवाजसुद्धा भिंतींना लागून फिरून आला. आकाशातून एक दगड आला आणि हे झालं, तेव्हा इथे माणूस होता की नव्हता, बघणारं कोणी होतं का, असं काहीबाही माझ्या डोक्यात येत राहिलं. मी फार लहान झाले होते आणि ते फार बरं वाटत होतं. वाऱ्याबरोबर पाण्याचा खारट, कुबट वास येत होता. गजूदादानेही मोबाइल खिशात ठेवून दिला.

आम्ही तिघं दगडावर बसलो. सोबत मोठीआईने थर्मासमध्ये कॉफी भरून दिली होती. गजूदादाने मुद्दाम एकच घोट घेऊन तोंड वाकडं केलं. अण्णांनी डाव्या हाताने खाली तळ्याकडे बोट केलं.

"एवढं मोठं काहीतरी येऊन आदळलं," ते म्हणाले, "आणि बघ, भांडं फुटलं नाही. उलट भांडंच झालं."

मग त्यांनी खिशातून उजवा हात काढला आणि पेला दोन्ही हातांत धरला. थोडी कॉफी त्यांच्या धोतरावर सांडली. त्यांनी झटकली नाही. परत येताना ते गुणगुणत नव्हते. गजूदादाशी तुरीच्या भावावर वाद घालत होते, आणि दोघेही मला मधे बोलू देत नव्हते.

निघायच्या दिवशी सकाळी मला जाग आली ती बोलण्याच्या आवाजाने. स्वयंपाकघरात गेले तर तिवईवर चाडं मांडलेलं, खाली तीन पेले. मोठीआई खाली पाटावर बसली होती. पळी अण्णांच्या हातात होती आणि ते तसेच उभे होते. मी दाराशीच थांबले.

"वहिनी, हात हालते हो," अण्णा म्हणाले.

"मंग हालू द्या ना. मूठ हालल्याबिगर दाणा पडते का?"

अण्णांनी पळी पातेल्याच्या काठावर टेकवली.

"इसरले वाटते तुमी," मोठीआई म्हणाली. "मी नवीनच आली होती या घरात. मामंजींनी तुमाले मूठ धराले लावली होती. तुमी मूठ अशी आवळली, अशी आवळली, का दाणाच पडेना. अन् पडला का मंग एकदमच ढीग. उगवल्यावर सारं गाव पाहाले आलं. एका जागी गच्च दाटी, अन् मंग पुढं चार पावलं काहीच नाही."

"आणि उरलेलं तुम्ही पेरलं."

"हाव. मी पेरलं. तवा हात लय ताठ होता तुमचा, भाऊजी. आता झाला पेरण्यासारखा."

अण्णा हसले. मी त्यांना असं हसताना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. त्यांनी पळी पातेल्यात बुडवली. हात थरथरत होता, पळीतलं पाणी काठावरून सांडत होतं. पण चाड्याचं तोंड इतकं रुंद की सांडलेलंही बरंचसं आतच पडत होतं. एक पळी, थोडं थांबून दुसरी. थरथरीने पाणी एका जागी धो धो न पडता सगळ्या पावडरीवर शिंपडल्यासारखं पडत होतं. पावडर फुगली. मी खालच्या भोकांकडे बघत होते. मग तीन धारा आल्या. मोठीआई पदराने डोळे पुसत होती, म्हणाली धूर झाला. तिच्याकडे गॅस आहे.

चाडं आम्हाला द्यावं असं मला फार वाटत होतं, पण मागवेना. पेरणीचं चाडं घराबाहेर द्यायचं नाही अशी या घरची रीत आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याची पूजा होते. मी बॅगा भरत होते तेव्हा मोठीआई आणि गजूदादा ओसरीवर कुजबुजत होते. मग ती चाडं आणि तिवई घेऊनच आली.

"भाऊजी काही बाहेरचे नाहीत," ती म्हणाली. "पण आखाजीले चाडं इथं पूजेले पाह्यजे. दरसाल. अन् तुमी घेऊन याचं, पोस्टानं नाही."

"तू कशात करशील?" मी विचारलं.

"माह्याकडं पातेलं हाय. इतके दिवस तुमची भांडी मोडून थकली मी."

भांडं रिकामं द्यायचं नाही म्हणून तिने त्यात ज्वारी भरून दिली, भोकांना कापसाचे बोळे लावून. अण्णांनी ते गाडीत मांडीवर घेतलं आणि पुण्यापर्यंत खाली ठेवलं नाही. जेवायला थांबलो तेव्हाही ते हॉटेलात सोबत आलं. वेटरने विचारलं, देव आहे का. अण्णा म्हणाले, "हाव."

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. प्रवासाचा एकूण खर्च कुठल्याही बऱ्या कॉफी यंत्रापेक्षा कमीच झाला, हे नितीनला मी दोनदा सांगितलंय. तुम्ही म्हणाल, हे चाडं आम्ही कुठून आणायचं. नका आणू. गावाकडे कोणाच्या घरी असेल तर ते तिथेच असू दे. मी एवढंच शिकले की भांडं फरशीवर आपटून बघण्याआधी ज्याला ते रोज वापरायचंय त्याच्या हातात द्यावं. रुंद तोंडाचं, न हलणारं, पिळायला न लागणारं काहीही चालेल. एक जाड कापड, एक पळी आणि खाली पक्की तिवई असली तर कुठल्याही घरात काम होईल. कापड फाटलं तर दुसरं लावा. लाकूड धुऊन पूर्ण वाळवा, महिन्यातून एकदा जवसाचं तेल लावा, पाण्यात भिजत ठेवू नका.

अण्णांची थरथर आहे तशीच आहे. ओटा रोज माखतो आणि ते रोज तो स्वतः पुसतात, मी पुसायला गेले तर रागावतात. ज्वारीतली मूठभर त्यांनी बाल्कनीतल्या कुंडीत पेरली. कुंडीत एका जागी दाटी आहे आणि बाकी मोकळंच. मोठीआईला फोटो पाठवला तर तिने नुसताच हसण्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला.

आज सकाळी मी जागीच होते, पण उठले नाही. पळी पातेल्याला लागल्याचा आवाज आला, मग थोडं थांबून पुन्हा. मग बराच वेळ काहीच नाही. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि वाट बघत पडून राहिले.

"ऊठ गं," स्वयंपाकघरातून अण्णा म्हणाले. "निवतेय."